शकुंतलाची खुर्ची

ज्यांच्या घरात कुणाला जीबीएस, म्हणजे अंग लुळं पाडणारा नसांचा आजार झालाय, त्यांचे फोन मला येतात. कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं की सोनईच्या बाजूला एक मंडपवाला आहे, तो गळ्यापर्यंत लुळा पडला होता आणि आता चालतो. फोन लागला की पलीकडचा माणूस आधी नुसता हॅलो हॅलो करतो. काय विचारावं त्याला सुचत नाही. मग मीच म्हणतो, "बोला, मीच तो. अजून हाय." तो हसतो, आणि एकदा हसला की पुढचं बोलणं सोपं जातं.

त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. औषधांचं मला विचारू नका, ते डॉक्टरांचं काम. मी सांगणार ते पडून राहण्याचं, भिण्याचं, आणि पुढं आमच्या गोडाऊनमध्ये खुर्च्यांवरून जो घोळ झाला त्याचं. घोळाचं जरा जास्तच सांगीन, कारण आजारानं काढला नाही एवढा घाम त्यानं काढला.

माझं नाव दत्तात्रय, गावात दत्तूशेठ. शेठ नावापुरताच. मंडप, खुर्च्या, भांडी, जनरेटर भाड्यानं देतो. लग्न असो, दहावा असो नाहीतर कारखान्याची सभा, बसायची सोय माझ्याकडं. पुढं सोफे, त्याच्यामागं कव्हर घातलेल्या खुर्च्या, त्याच्यामागं बिनकव्हरच्या, आणि कडेला बायकांसाठी सतरंजी. कोण कुठं बसणार हे मला कुणी सांगावं लागत नाही. माणूस कमानीतनं आत आला की मला त्याची जागा कळते. धंदाच तो आहे.

चप्पल

कोपरगावच्या बाजूला एका लग्नाचा मंडप सोडवत होतो, तेव्हा पायातली चप्पल सारखी निसटायला लागली. मी म्हटलं, जुनी झाली. येताना नवी घेतली. नवी पण निसटली. घरी आल्यावर दुकानदाराला शिव्या घालत बसलो होतो, तर बायको म्हणाली, "अहो, चपलीला नावं ठेवू नका. आधी पाय बघा."

शकुंतलाचं हे असं आहे. मी अंगणभर फिरून येतो तोवर ती उंबऱ्यावर उभी राहून उत्तर सांगते.

दुसऱ्या दिवशी बांबू हातातनं गळायला लागले. तिसऱ्या दिवशी खाटेवरनं उठताच येईना. आमच्याच टेम्पोत मंडपाचे पडदे अंथरले, त्याच्यावर मला निजवलं आणि नगरला नेलं. नाव आता अहिल्यानगर झालंय, पण घाईच्या वेळी तोंडात नगरच येतं. दवाखान्यात मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा माझ्या सदऱ्याला सोनेरी झालर चिकटलेली होती. वॉर्डबॉय म्हणाला, "नवरदेव आला का काय?"

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. परत मारली. मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाच्या तरी गुडघ्यावर मारतायत. मग त्यांनी समजावून सांगितलं की आपल्या अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते, तीच चुकून आपल्या नसांवर उठते. मी म्हटलं, "म्हणजे राखणदारानंच मंडपाची वायरिंग तोडली." डॉक्टर म्हणाले, "बरोबर. पण ही वायरिंग परत जोडली जाते. वेळ लागतो."

"किती?" शकुंतलानं विचारलं.

"ते आज सांगता येत नाही."

तिनं पदर खोचला आणि नर्सला विचारलं, चहा कुठं मिळतो. ती रडली नाही म्हणून मला जरा धीर आला. रडली ती जिन्यात, हे मला नंतर कळलं.

पापण्या

लुळेपणा पायातनं वर चढत छातीपर्यंत आला. श्वास पुरेना, तेव्हा मला मशीनवर घेतलं. घशात नळी, बोलणं बंद, हात बंद, मान बंद. चालू फक्त पापण्या. एकदा झाकल्या की हो, दोनदा झाकल्या की नाही. सगळं कळत होतं, ऐकू येत होतं. पाहुणे काचेतनं बघायचे, एखादा आत यायचा आणि पायथ्याशी उभा राहून म्हणायचा, "लई चांगला माणूस हुता." मी दोनदा पापण्या झाकायचो. त्याला काय कळणार.

भीती वाटली नाही असं मी सांगणार नाही. लई भीती वाटायची. मरणाची वाटायची, पण त्याहून जास्त लाइट जाण्याची वाटायची. दवाखान्याला जनरेटर आहे, सगळे सांगायचे. अहो, मी जन्मभर जनरेटर भाड्यानं दिलेत. जनरेटरवर माझा काडीचा विश्वास नाही.

तिथं मला रूथ मॅडम भेटल्या. फिजिओथेरपीच्या. नगरच्याच, ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेला, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. छातीचे व्यायाम द्यायला यायच्या. माझे डोळे भिरभिरताना बघून त्यांनी एक दिवस माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "दत्तात्रयराव, श्वास बघा."

मी दोनदा पापण्या झाकल्या. श्वास काय बघायचा? आणि तो तरी माझा कुठं होता, मशीनचा होता.

त्यांना बरोबर कळलं. "देतंय मशीन, पण घेताय तुम्हीच," त्या म्हणाल्या. "तुम्ही मंडपाच्या दारात उभे राहता ना? पाहुणा आला, नमस्कार. पाहुणा गेला, नमस्कार. हाताला धरून बसवून घेत नाही, ढकलून काढत नाही. तसंच. आला, बघा. गेला, बघा."

हे मला जमलं. पहिल्या दिवशी चार पाहुण्यांनंतर मन जनरेटरकडं पळालं. दुसऱ्या दिवशी जरा जास्त पाहुणे झाले. लोक ह्याला ध्यान म्हणतात, माइंडफुलनेस म्हणतात. मी दारात उभं राहणं म्हणतो. भीती गेली नाही, पण तिला बसायला खुर्ची मिळाली आणि ती एका जागी गप बसली.

उचलणारी

नळी निघाली. आवाज आला, आधी बेडकासारखा. पहिला शब्द मी "शकुंतला" म्हणालो असं ती सगळ्यांना सांगते. मी "पाणी" म्हणालो होतो. पण तिला तसं वाटतंय तर वाटू द्या.

घरी आलो तो गाठोड्यासारखा. कूस बदलायची तर ती बदलणार, बसवायचं तर ती बसवणार. मी अंगानं चांगला भरलेला आणि तिचं डोकं माझ्या खांद्याला लागतं. काखेत हात घालायची, "हं, आता," म्हणायची आणि उचलायची. वर धंदाही तिनंच चालवला. एका हातानं मला चहा पाजत फोनवर टेम्पोवाल्याला झापायची, "सोफे दहाव्याला नेलेस का रे? दहाव्याला सोफे कोन नेतं?"

हळूहळू माझी बोटं हलली, मग गुडघे. वॉकर धरून चार पावलं टाकली त्या दिवशी तिनं शिरा केला. आणि त्याच आठवड्यात मला खाटेवरनं खुर्चीत घेताना तिच्या कमरेत कट्कन वाजलं. ती तिथंच खाली बसली. आधी हसली. मग तिचं हसणं थांबलं.

परत नगर, परत डॉक्टर. मणक्यातली गादी सरकली होती. तिला बजावून सांगितलं की जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही, खुर्चीवर बसायचं, खुर्चीवरचेच व्यायाम रोज करायचे. नाही केलं तर पायात उतरेल, मग ऑपरेशन.

एक पडलेला उठतोय तोवर उचलणारी पडायला आली. मी मनात म्हटलं, खुर्चीच पाहिजे ना. आपल्या गोडाऊनमध्ये चारशे आहेत. बायकोला एक देता येत नाही काय?

नाही देता आली. का, ते सांगतो.

आमचे वडील, अण्णा, ऐंशीच्या पुढचे. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, दिवसभर ओसरीत खुर्ची टाकून बसलेले. लग्न होऊन आली तेव्हापासून शकुंतला त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेली नाही. अण्णांनी कधी मनाई केलेली नाही. उलट ते म्हणायचे, "बस की गं वर." ती म्हणायची, "व्हय मामंजी," आणि खाली बसायची. टेम्पोवाल्यांना घाम फोडणारी बाई, पण अण्णा खोकले की फतकल मारून जमिनीवर. आमच्याकडच्या बहुतेक सुनांचं असंच आहे. वडीलधारी म्हणतात बस, आणि बसायचं नाही हे आपण समजून घ्यायचं.

आणि आमचं घर केवढं? अण्णा दिसत नाहीत अशी जागा म्हणजे न्हाणीघर.

देवळाची पायरी

गावात निकम गुरुजी देवळाच्या सभामंडपात योगाचा वर्ग घेतात. भल्या पहाटे. गुरुजी चांगला माणूस, फुकट शिकवतात, कुणाकडून चहासुद्धा घेत नाहीत. मी वॉकर घेऊन गेलो, बरोबर शकुंतला. म्हटलं, तिथं अण्णा नाहीत, एखादी खुर्ची मागू.

गुरुजी म्हणाले, "दत्तात्रय, योगाला बैठक लागते. खाली बसता यायला लागलं की या. तोवर बघत बसा."

आम्ही पायरीवर बसलो, चपलांच्या ढिगाशेजारी. बघितलं. वीसेक धडधाकट गडी, एका रांगेत, झकास वाकत होते. बाई एक नाही. कशी असेल? त्या वेळेला बायका चुलीपुढं नाहीतर गोठ्यात. म्हातारं कुणी नाही. ओढ्यापलीकडच्या भिल्ल वस्तीतलं तर कुणीच नाही, त्यांना कुणी या म्हटलेलंच नाही. मला गुरुजींचा राग आला नाही. पण ज्याला खाली बसून कपाळ गुडघ्याला लावता येतं त्याला योगाची एवढी काय गरज, हे मला कळेना.

घरी येऊन मी रूथ मॅडमना फोन लावला आणि सगळं गाऱ्हाणं घातलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं खुर्च्या किती आहेत?"

"चारशे."

"मग मला काय विचारता?"

कुणाचं लग्न आहे?

दर रविवारी चर्च झालं की त्या स्कूटीवरनं यायला तयार झाल्या. वेळ धरली अकराची, कारण तोवर बायकांची भाकरी, धुणं, धारा उरकलेल्या असतात. मी गावात सांगून टाकलं की ज्याला खाली बसता येत नाही त्यानं गोडाऊनमध्ये यावं, साडी चालेल, नऊवारी चालेल, म्हातारपण चालेल.

पहिल्या रविवारी मी खुर्च्या मांडून घेतल्या. रूथ मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या, "कुणाचं लग्न आहे?"

बघतो तर पुढं सोफे, मागं कव्हरच्या, त्याच्यामागं बिनकव्हरच्या. हाताला सवय. त्यांनी सोफे भिंतीला लावायला सांगितले आणि सगळ्या पांढऱ्या खुर्च्या गोल मांडायला लावल्या. गोलात पुढं कोण आणि मागं कोण? मला क्षणभर चक्करच आली.

सगळ्यात आधी आले अण्णा. त्यांना धाप लागायची आणि कुणीतरी सांगितलं होतं की इथं श्वासाचं शिकवणार. गोलात मधोमध बसले, म्हणजे जिथं बसले तिथं मधोमध वाटायला लागलं. मग आमच्या भावकीतल्या काकू आल्या, चार-पाच सुना आल्या. त्यांनी अण्णांना बघितलं, पदर सारखा केला आणि खुर्च्यांच्या पायांना टेकून खाली बसल्या. शकुंतलाही खाली.

हिराबाई आली ती भिल्ल वस्तीवरच्या, तिच्या शेजारच्या दोघींना घेऊन. हिराबाई आमच्याकडं कैक वर्षं भांडी घासते, खुर्च्या पुसते. तिचे गुडघे पार गेलेत आणि तोंड अजून शाबूत आहे. त्या तिघी तर आतही आल्या नाहीत, शटरजवळ बसल्या, निम्म्या सावलीत आणि निम्म्या उन्हात.

गोलात खुर्चीवर तिघंच, मी, अण्णा आणि रूथ मॅडम. बाकी सगळा गाव खाली. अगदी ग्रामसभा.

रूथ मॅडम म्हणाल्या, "हिराबाई, तुमच्याच गुडघ्यांसाठी आहे हे. या वर."

"मॅडम, ह्या खुर्च्या मी पुसते," हिराबाई म्हणाली. "कुठल्या लग्नात ह्याच्यावर बसल्याली मला कुनी बघितलंय का? शेठ, तुमीच सांगा."

मी कुणाला कुठं बसवायचं हे ओळखणारा माणूस. मला उत्तर माहीत होतं, म्हणून मी वॉकरकडं बघायला लागलो.

"अन् वहिनी खाली, मी वर?" ती पुढं म्हणाली. "माझ्या जिभेला हाड न्हाई, पर एवढी लाज हाय मला. वहिनी बसल्या की बसते."

सगळ्यांनी शकुंतलाकडं बघितलं. तिनं अण्णांकडं बघितलं.

"अगं बस, मी सांगतो ना," अण्णा म्हणाले.

"व्हय मामंजी," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

म्हणजे बघा, कुलपात कुलूप. हिराबाई अडली शकुंतलापाशी, शकुंतला अडली अण्णांपाशी, आणि अण्णा तर म्हणतच होते बसा म्हणून. कुणी कुणाला अडवत नव्हतं आणि कुणी बसत नव्हतं.

पुढच्या रविवारी अण्णा आपण होऊन घरी राहिले. मी खूश. तर शकुंतलाच येईना. म्हणाली, "सासऱ्याला घरी बसवून मी तिकडं खुर्चीवर बसू? गाव तोंडात शेण घालील." घरी जाऊन बघतो तर अण्णा ओसरीत तोंड पाडून बसलेले. त्यांना वर्ग आवडला होता.

अण्णा खाली बसतात

तिसऱ्या रविवारी अण्णांनी ठरवलं की आपणच मोठेपणा सोडायचा. गोडाऊनमध्ये आले, खुर्ची बाजूला सारली आणि गुडघ्यावर हात देत, कण्हत, जमिनीवर बसले. "घ्या," म्हणाले. "आता मी खाली. तुमी समद्या वर बसा."

ह्यावर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सगळ्या बायका ताडकन उभ्या राहिल्या. सासरा जमिनीवर आणि सुना खुर्चीवर? आधी निदान बसलेल्या तरी होत्या. आता तासभर सगळा वर्ग उभा. शकुंतला बांबूच्या थप्पीला धरून, एक हात कमरेवर.

रूथ मॅडमनी उभ्याउभ्याच हात वर-खाली करून घेतले. त्यांना हसू आवरत नव्हतं, चष्मा पुसायचं निमित्त करत होत्या.

वर्ग संपला आणि अण्णांना उठता येईना. मी उचलू शकत नाही. शकुंतलानं उचलायचं नाही. ती पुढं आलीच होती, तेवढ्यात हिराबाई शटरपासनं उठून आली, "वहिनी, व्हा बाजूला," म्हणाली आणि अण्णांच्या काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूनं रूथ मॅडम. एवढी वर्षं ती आमच्या दारात आली-गेली, पण अण्णांना तिचा हात लागायची ही पहिली वेळ. काकूंचा श्वास जागच्या जागी थांबला. हिराबाईचाही थांबला असावा, कारण अण्णांना उभं केल्यावर तिनं पटकन हात मागं घेतला.

अण्णांनी टोपी सारखी केली. "लई ताकद हाय गं तुझ्यात," म्हणाले. "काय खातीस?"

"तुमच्या मंडपातलं उरल्यालं," हिराबाई म्हणाली आणि सगळ्यांना हसू फुटलं.

मी हसत होतो तो एकदम थांबलो. शकुंतला शटरकडं चालली होती आणि तिची चप्पल पायातनं निसटली. तिनं परत घातली. दोन पावलांवर परत निसटली. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आम्हा दोघांना ते ओळखीचं होतं.

रूथ मॅडमनी तिला तिथंच सोफ्यावर आडवं केलं, पाय वर-खाली करून बघितला. "हे कमरेतनं उतरतंय," त्या म्हणाल्या. त्यांचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "शकुंतलाबाई, आता व्यायाम टाळून चालणार नाही. एक दिवससुद्धा."

मशीनवर मी घाबरलो होतो ते माझ्यासाठी. ही भीती त्याहून वाईट. मला श्वास बघायचं सुचेना, दार सुचेना, काही सुचेना. अण्णा भिंतीला धरून उभे होते. ते तिच्या पायाकडं बघत होते, आणि मग कितीतरी वेळ त्या रिकाम्या खुर्च्यांकडं.

उपरणं

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. रूथ मॅडम सुट्टी टाकून आल्या. नगरहून इतक्या लांब, वाटेत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं, फक्त शकुंतलासाठी. बायकाही आल्या. शकुंतला शटरला टेकून उभी होती.

रूथ मॅडम सुरुवात करणार तेवढ्यात खुर्चीवर बसलेले अण्णा म्हणाले, "मॅडम, आज शेवटचं आधी घ्या."

आमच्या वर्गात शेवटी डोळे झाकून श्वास बघायचा असतो. मॅडम म्हणाल्या, "अण्णा, ते शेवटी असतं."

"तुमच्यात असंल. आज हितं आधी."

असं म्हणून त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन पदरी केलं आणि डोळ्यांवरनं घेऊन डोक्यामागं गाठ मारली. टोपी तिरपी झाली. लहान पोरं आंधळी कोशिंबीर खेळतात तसे दिसायला लागले.

"आता मला काय दिसत न्हाई," ते म्हणाले. "माझ्यासमूर कोन उभं हाय, कोन बसलंय, मला ठाव न्हाई. मी म्हाताराच, त्यात आंधळा. समदी डोळं झाका. ज्याला जिथं बसायचं तिथं बसा."

कुणी हसलं नाही. आम्ही डोळे झाकले.

आता माझा धंदा सांगतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर माणूस बसलं की तिचे पाय फरशीवर जरासे फाकतात आणि कुई असा आवाज येतो. भरल्या मांडवात तो कुणाला ऐकू येणार नाही, पण मला येतो. मी डोळे झाकून कान देऊन बसलो. बराच वेळ काही नाही. बाहेर एक कोंबडी, लांब ट्रॅक्टर.

मग माझ्या डाव्या हाताला, अण्णांच्या अगदी समोर, बांगड्या वाजल्या. आणि कुई.

माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. येऊ दिलं. झाकलेल्या डोळ्यांना तेवढी मोकळीक असते.

मग भराभर, कुई, कुई, सुना बसल्या. मग शटरकडनं अनवाणी पावलं आली, थांबली, परत आली. शकुंतलाच्या पलीकडं एक खुर्ची वाजली, चांगली जोरात, कारण हिराबाई अंगानं दणकट. तिच्या मागनं वस्तीवरच्या दोघी.

"ही कुठं येऊन बसली?" काकू कुजबुजल्या. म्हणजे त्यांचे डोळे उघडे होते.

"कोन बोललं?" उपरण्याआडनं अण्णांचा आवाज आला. "श्वास बघाया आलीस ना? मग श्वास बघ."

त्यानंतर गोडाऊनमध्ये फक्त श्वास ऐकू येत होते. अण्णांचा धापेचा, हिराबाईचा नाकातला, माझा अजून थोडा शिट्टी मारणारा. कुणाचा कुठला हे नंतर कळेनासं झालं.

आता वर्ग रोज भरतो, मॅडम रविवारी येतात, बाकीचे दिवस आमचं आम्हीच करतो. शकुंतलाचा पाय हळूहळू ताळ्यावर आला, चप्पल राहते, ऑपरेशन टळलं. काकू दोन रविवार रुसल्या आणि कंबर धरून परत आल्या. आल्या तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती, हिराबाईशेजारची. बसल्या. निकम गुरुजींचा गुडघा दिवाळीत धरला, तेव्हा तेही आले आणि दारातच म्हणाले, "दत्तात्रय, बैठकीचं काय आहे, ती कशावरही जमते." मी म्हटलं, "बसा गुरुजी." सगळ्या गावाचं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. लग्नात सोफे अजून पुढंच असतात आणि हिराबाई अजून भांड्यांकडंच असते. पण अकराला गोडाऊनमध्ये कुणाची जागा कुठली, हे मला अजून ओळखता येत नाही. अण्णा रोज उपरणं बांधतात.

त्या सोमवारचं एवढंच सांगायचं राहिलं. मॅडम म्हणाल्या, "आता सावकाश डोळे उघडा." आम्ही उघडले. शकुंतलानं नाही उघडले. तिची मान एका बाजूला कलली होती, पदर खांद्यावर आला होता, तोंड थोडं उघडं. खुर्चीत, सासऱ्याच्या अगदी समोर, गाढ झोपली होती. मी आजारी पडल्यापासनं तिला दिवसा झोपलेलं मी बघितलं नव्हतं. काकू तिला हलवायला पुढं झाल्या, तर हिराबाईनं त्यांचा हात धरला.

अण्णांनी गाठीला हात घातला होता. "उघडलं का समद्यांनी?" त्यांनी विचारलं.

"शकुंतला झोपलीय," मी हळूच म्हणालो.

अण्णांचा हात गाठीवरच थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"मग मला अजून काय दिसत न्हाई," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे तसेच बसून राहिलो.